मदत हवी आहे: सेकंड हँड ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड घेऊ का? हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात गरम भाग) ९८ अंशांपर्यंत जातोय

नमस्कार मंडळी,

ओळखीतल्या एकाकडे आरटीएक्स ३०६० टीआय आहे, ८ जीबी, तीन पंख्यांचं मॉडेल. १६ हजार सांगतोय. बिल आहे पण वॉरंटी संपलीये. भला माणूस आहे, म्हणाला रविवारपर्यंत तुझ्या पीसीत लावून हवं तेवढं तपासून घे, पटलं तर पैसे दे. म्हणून आता तपासतोय आणि आकडे बघून नक्की काय समजायचं तेच कळत नाहीये.

माझा पीसी: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम (दोन कांड्या, ३२०० च्या), ५५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. कॅबिनेटला पुढे दोन पंखे, मागे एक, समोर जाळी. आतापर्यंत जीटीएक्स १६५० वर भागवलं, ते ७५ वॉटचं कार्ड, गरम होणं वगैरे काही प्रकारच नव्हता.

गाव अकोला, महिना मे. बाहेर ४४ च्या वर आणि खोलीत कूलर लावून ३४-३५, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या एसीतल्या किंवा बाहेरच्या देशातल्या रिव्ह्यूंमधले टेंपरेचर बघून मला काहीच अंदाज येत नाही, तिकडे खोलीच २२ ची असते.

सायबरपंक २०७७ या गेमचा आतलाच बेंचमार्क आणि मग वीसेक मिनिटं खेळून जीपीयू-झेडमध्ये (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) जे दिसलं ते असं: सुरुवातीला क्लॉक (चिपचा वेग) १९२० मेगाहर्ट्झ, मग हळूहळू उतरत १७७० वर येऊन थांबतो. जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) टेंपरेचर ७६, हॉटस्पॉट ९८, कधीमधी ९९. पंखे ९० टक्क्यांवर, आवाज एवढा की हेडफोन लावूनही ऐकू येतो. पॉवर १९८ वॉट. टाइम स्पाय या टेस्टचा ग्राफिक्स स्कोअर ११,१०० आला. एफपीएस (सेकंदाला फ्रेम) सरासरी ८० च्या आसपास (१०८०पी हाय, रे ट्रेसिंग बंद), पण मध्येच बारीक झटके बसतात.

प्रश्न एवढेच की ७६ ठीक असेल तर हॉटस्पॉट ९८ ला घाबरायचं का, क्लॉक उतरतोय तो गरमीमुळे का आणखी कशामुळे, आणि १६ हजार घालण्यापेक्षा थोडे अजून जमवून नवीन ४०६० घेऊ का. पैसे ट्यूशन घेऊन जमवलेत, म्हणून नीट विचारूनच घ्यायचंय.

प्रतिसाद १

भावा, आधी एक कर, नुसता आकडा बघणं सोड आणि फरक बघ. जीपीयू ७६ आणि खोली ३५ म्हणजे वर ४१ अंश, २०० वॉटच्या कार्डाला तीन पंख्यांच्या कूलरवर हे चालण्यासारखं आहे. पण जीपीयू ते हॉटस्पॉट फरक २२ अंशांचा आहे आणि तिथेच गडबड वाटते. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या बऱ्याच सेन्सरपैकी त्या घडीला सगळ्यात गरम असलेला. तब्येत चांगली असलेल्या कार्डात तो साधारण १० ते १५ ने वर असतो. फरक वाढलाय म्हणजे चिपच्या काही भागावरची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) सुकलीये किंवा बाजूला सरकलीये, नाहीतर हीटसिंक (चिपवर बसणारा धातूच्या पात्यांचा भाग) एका बाजूने नीट दाबलेला नाही.

खात्री करायची तर कॅबिनेटचं साइड पॅनल काढून तोच सीन तेवढाच वेळ चालव. दोन्ही आकडे सारखेच खाली आले तर तेवढी चूक कॅबिनेटच्या हवेची. मधला फरक तसाच राहिला तर चूक कार्डाच्या आत आहे, आणि मग अजून चार पंखे लावलेस तरी ती जाणार नाही. अकोल्याच्या गरमीने सगळेच आकडे वर सरकतात, हा मधला फरक मात्र गरमी फारसा वाढवत नाही. म्हणून रिव्ह्यूशी तुलना करायची तर या फरकाचीच कर.

क्लॉकबद्दल: जीपीयू-झेडमध्ये पर्फकॅप रीझन म्हणून ओळ आहे (क्लॉक कशामुळे अडतोय ते सांगणारी), तिथे थर्मल येतंय का पॉवर ते सांग.

प्रतिसाद २

मी तर म्हणेन ४०६० घे आणि मोकळा हो. ११५ वॉटचं कार्ड, नवीन, वॉरंटी, वर फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्ड स्वतःच बनवतं). ३०६० टीआय २०० वॉट खातं, म्हणजे जवळजवळ ८५ वॉट जास्तीची उष्णता त्याच खोलीत ओतायची जिथे आधीच ३५ आहे. कूलिंगचं सगळे कार्डाच्या बाजूनेच बोलतात, पण ती गरम हवा जाते कुठे? खोलीतच ना. उन्हाळ्यात दोन तास खेळल्यावर हा फरक अंगाला जाणवतो. आणि तुमच्याकडे लाइट जात असेल तर इन्व्हर्टरचाही विचार कर.

एसएमपीएसबद्दल पण बघ, ३०६० टीआयला एनव्हिडिया ६०० वॉट सांगते. तुझं चालेल, कारण ३६०० फार खात नाही, पण ५५० चांगल्या कंपनीचा असला पाहिजे, क्षणभरासाठी ही कार्डं सरासरीपेक्षा बरंच जास्त ओढतात.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. पॅनल काढून चालवलं: जीपीयू ७२, हॉटस्पॉट ९४. फरक परत २२! म्हणजे कॅबिनेटमुळे चार अंश आणि बाकीचं कार्डाच्या आतलं. पर्फकॅपमध्ये जवळजवळ सगळा वेळ पॉवर येतं, थर्मल कुठेच नाही. मग क्लॉक गरमीमुळे उतरत नाहीये असं समजू का?

४०६० चा विचार मी पण केला, पण दोन गोष्टी अडतात. ते कार्ड मदरबोर्डशी डेटाची देवाणघेवाण करायला आठच लेन (वाटा) वापरतं आणि माझा बी४५० पीसीआय ३.० आहे, आणि मेमरी बस १२८ बिटची आहे, ३०६० टीआयची २५६. बँडविड्थ २७२ विरुद्ध ४४८ जीबी प्रति सेकंद. कॅश (चिपमधली छोटी वेगवान मेमरी) मोठी दिली म्हणतात तरी मनाला पटत नाही. शिवाय वर अजून बारा-तेरा हजार लागतात ते माझ्याकडे आज नाहीत.

अजून एक, कूलरची हवा सरळ कॅबिनेटवर येऊ दिली तर चालेल का? खोलीत तीच सगळ्यात गार हवा आहे.

प्रतिसाद १

पॉवर येतंय तरी गरमीचा हात आहेच. चिप जितकी गरम तितकी तिच्यातून वीज जास्त गळते, म्हणजे त्याच २०० वॉटमधली बरीच वीज नुसती वाया जाते आणि क्लॉकसाठी कमी उरते. शिवाय एनव्हिडियाची बूस्ट पद्धत अशी की टेंपरेचर चढत गेलं की ती १५-१५ मेगाहर्ट्झने खाली येत राहते, ९३ ची मर्यादा गाठायची वाट बघत नाही. त्यामुळे १९२० वरून थोडं उतरणं सगळ्यांचंच होतं, तुझं जरा जास्त झालंय. स्कोअर चांगल्या स्थितीतल्या कार्डाचा साधारण साडेअकरा हजाराच्या पुढे येतो, तुझा ११,१०० म्हणजे कार्ड मेलेलं नाही, नुसतं गुदमरलंय.

झटक्यांचं खापर मात्र कार्डावर फोडू नकोस. आफ्टरबर्नर (कार्डाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) मध्ये जीपीयू युसेज स्क्रीनवर लाव, झटका बसतो तेव्हा ते ९५ टक्क्यांच्या खाली पडत असेल तर तिथे ३६०० कमी पडतोय. सायबरपंकच्या गर्दीच्या रस्त्यांवर तसंच होतं. तसंच असेल तर नवीन ४०६० लावूनही ते झटके राहतील, म्हणून हे आत्ताच बघून घे.

लेनचं म्हणशील तर व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरेपर्यंत ३.० वर फार फरक पडत नाही. भरली की डेटा सारखा रॅममधून आणावा लागतो, तेव्हा आठ लेन दुखतात, आणि दोन्ही कार्डं ८ जीबीचीच असल्याने नवीन गेममध्ये ती वेळ येणारच. टेक्स्चर एक पायरी खाली ठेव, कुठलंही घेतलंस तरी.

प्रतिसाद ३

कूलरबद्दल सांगतो, सरळ झोत नको. खस ओली असताना बारीक तुषार येतातच, पाणी जड असेल तर सुकल्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो. कूलरसमोरच्या खिडकीच्या जाळीवर बघ, दिसेल तुला. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेव आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेव म्हणजे हवा फिरेल.

मी रत्नागिरीचा, इकडे खाऱ्या हवेने हीटसिंकच्या पात्या पांढुरक्या पडतात, म्हणून सेकंड हँड घेताना मी आधी कार्ड हातात घेऊन डोळ्यांनी बघतो. टॉर्च लावून पात्यांच्या मधून आत बघ. बॅकप्लेटच्या कडेला आणि मेमरीच्या आसपास तेलकट ओघळ आहे का? तो थर्मल पॅडमधून (मेमरी आणि हीटसिंकमधल्या मऊ पट्ट्या) सुटलेला सिलिकॉनचा अंश असतो, लांबचा काळ गरम राहिलेल्या कार्डात हमखास दिसतो. मागच्या चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंची डोकी खरवडलेली आहेत का ते बघ, म्हणजे आधी कुणी उघडलंय का कळेल. पीसी बंद असताना प्रत्येक पंखा बोटाने हळूच फिरव, तिन्ही सारखेच फिरत थांबले पाहिजेत, आणि मधला भाग धरून हलवल्यावर खुळखुळता कामा नये.

आणि स्पष्ट विचार: कार्डावर मायनिंग (क्रिप्टो नाणी कमवायला रात्रंदिवस गणित चालवणं) केलंय का? त्यात लपवण्यासारखं काही नाही. सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हापासून ही कार्डं बाजारात आहेतच. मायनिंगमध्ये चिपवर फार ताण नसतो, मेमरी आणि पंखे रात्रंदिवस चालतात. म्हणून पॅड आणि बेअरिंग आधी जातात.

धागाकर्ता

राजेहो, तुम्ही बरोबर ओळखलं. ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं तर बॅकप्लेटच्या खालच्या कडेला, पीसीआय कनेक्टरच्या जरा वर, बोटभर लांबीचा चकचकीत ओघळ आहे, कापूस लावला तर पिवळट डाग आला. स्क्रूंची डोकी कोरी आहेत. दोन पंखे एकदम मस्त फिरतात, कडेचा तिसरा लवकर थांबतो पण हलत नाही. विकणाऱ्याला विचारलं, त्याने लगेच सांगितलं की २०२२ पर्यंत वर्षभर मायनिंग केलंय, मग आपलं गेमिंगच. उघडायलाही हरकत नाही म्हणाला, आणि पेस्ट-पॅडचा खर्च किमतीतून कमी करतो म्हणतोय.

झटक्यांच्या वेळी युसेज ७० पर्यंत पडतं. म्हणजे ते प्रोसेसरचंच.

उघडायच्या आधी आफ्टरबर्नरच्या कर्व्ह एडिटरमध्ये अंडरव्होल्ट (चिपला कमी व्होल्टेज देणं) करून बघितलं, ८७५ मिलिव्होल्टला १८३० लावून पुढची रेघ सरळ केली. पॉवर १५५ वर आली, जीपीयू ६८, हॉटस्पॉट ८५, आणि क्लॉक उतरतच नाही! टाइम स्पाय ११,३००, म्हणजे उलट वाढला. पंखे ६५ टक्क्यांवर आले, घरातल्यांनीही विचारलं की आज आवाज कसा नाही.

आता पेस्टसोबत पॅड पण बदलावे म्हणतोय. पण कुठल्या जाडीचे मागवू? एका व्हिडिओत १.५ मिमी सांगतात, दुसऱ्यात २.

प्रतिसाद १

१५५ वॉटला १७ चा फरक म्हणजे जरा बरा, पण वॉट कमी झाले की फरकही कमी होतोच, म्हणून पेस्ट बदलच. साधी पेस्ट अशा उघड्या चिपवर वर्ष-दोन वर्षांत कडेला सरकते, त्यापेक्षा पीटीएम ७९५० (पेस्टऐवजी लावायची थर्मल शीट) चा तुकडा लाव, तो गरम झाल्यावर मऊ होऊन पसरतो आणि जागा सोडत नाही. लावायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर फिल्म निघताना फाटते.

पॅडच्या जाडीत अंदाज नकोच. एकाच चिपच्या वेगवेगळ्या मॉडेलमध्ये जाडी वेगळी असते, आणि जाड पॅड लावलास तर हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि हॉटस्पॉट आत्तापेक्षा वाईट होतो. उघडल्यावर जुन्या पॅडचा न दबलेला कोपरा कॅलिपरने मोज. जमत नसेल तर थर्मल पुट्टी (पॅडऐवजी लावायचा मऊ लगदा) लाव, ती हवी तेवढी दबते, जाडीचा प्रश्नच राहत नाही. या कार्डात साधी जीडीडीआर६ आहे, मेमरीचं टेंपरेचर कुठे दिसत नाही, म्हणून काम झाल्यावर ओसीसीटी या टेस्टिंग सॉफ्टवेअरची व्हीरॅम टेस्ट अर्धा तास चालव, एकही एरर यायला नको.

स्क्रू तिरके-तिरके, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, आणि पंख्यांची वायर बोर्डाला जोडलेली असते, झाकण एकदम ओढू नकोस. पुट्टी-पीटीएम मिळून हजाराच्या आसपास जातील. तिसरा पंखा दाखवून किंमत १४ हजारांवर आण, त्या भावात घेण्यासारखं आहे. व्हीरॅम टेस्टचा रिझल्ट टाक इथे.