मदत हवी आहे: कोरियन अक्षरं जुळत नाहीयेत

नमस्कार मंडळी. कोरियन शिकताना केलेली माझी शब्दांची यादी पायथनमधून शोधतोय. 'हान' हे अक्षर डोळ्यांना एकच दिसतं, पण काही ओळींत त्याची लांबी १ येते, काहींत ३. मग शोध लागणार कसा!

थोडं वाचल्यावर कळलं, की युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक म्हणजे कोड देणारी पद्धत) हांगुलची, म्हणजे कोरियन लिपीची, ११,१७२ जोडलेली अक्षरं (सुरुवातीची १९ व्यंजनं × २१ स्वर × शेवटचे २८ पर्याय) तयार आहेत, शिवाय ह, आ, न असे सुटे घटकही आहेत. आपल्या 'क्ष'ला असा तयार कोड नाही, म्हणून हे दुहेरी प्रकरण मला नवीनच. एनएफसी (सुटे घटक जोडून एकच अक्षर करणारी युनिकोडची पद्धत) लावल्यावर बऱ्याच ओळी सुधारल्या.

घोडं अडलंय ते कीबोर्डवरच्या सुट्या अक्षरांपाशी, म्हणजे 'कम्पॅटिबिलिटी जामो' (त्याच घटकांचे वेगळे कोड). एनएफसी त्यांना हातच लावत नाही. एनएफकेसीने (असे वेगळे कोड आधी नेहमीच्या कोडांत बदलून मग जोडणारी पद्धत) 'हा' जुळतो, पण शेवटचा 'न' सुरुवातीचं व्यंजन समजला जातो आणि बाहेरच लटकतो.

आता ४४०३२ + (सुरुवातीचं × २१ + स्वर) × २८ + शेवटचं, हे सूत्र (प्रत्येक घटकाचा क्रमांक घालून) वापरून स्वतःच जोडावं का? पण पुढे स्वर आला तर तो 'न' पुढच्या अक्षराचा, हे कसं ओळखायचं? कुणी तयार लायब्ररी वापरली असेल तर प्लीज सांगा.