फेब्रुवारीत मुई ने: समुद्र, वाळूच्या टेकड्या आणि सोबत आईवडील

प्रश्न – पाऊलवाट
फेब्रुवारीच्या उत्तरार्धात हो ची मिन्ह शहरातून मुई नेला, व्हिएतनाममधल्या समुद्रकाठच्या गावी, जाऊन तीन रात्री राहायचा विचार आहे. सोबत सत्तरीतले आईवडील. दोघंही शाकाहारी, आणि वडिलांचे गुडघे दुखतात. समुद्रात डुंबता येईल का? वाळूच्या टेकड्या त्यांना झेपतील का? स्कूटर भाड्याने घ्यावी का? पुढे दा लातला, डोंगरातल्या थंड हवेच्या ठिकाणी, जायचं आहे.

उत्तर – दर्यावर्दी
आधी कॅलेंडर बघा. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात सगळा देश प्रवासात असतो. बस-रेल्वेची तिकिटं संपतात, खोल्यांचे दर चढतात आणि छोट्या खानावळी बंद असतात. शक्य असेल तर तेतनंतर निदान आठवडाभर जाऊ द्या.

समुद्राबद्दल स्पष्टच सांगतो. नोव्हेंबर ते मार्च हा तिथे काइटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून लाटांवर सरकायच्या खेळाचा हंगाम, कारण ईशान्येचा वारा जोरात असतो. आकाश निरभ्र, पाऊस जवळजवळ नाही, पण दुपारी लाटा उसळतात आणि पतंगांच्या दोऱ्या डोक्यावरून फिरत असतात. ज्येष्ठांनी पाण्यात उतरायचं ते सकाळी दहाच्या आत, वारा चढायच्या आधी.

दुसरी गोष्ट, किनाऱ्याची धूप. रिसॉर्टं आहेत ती न्गुयेन दिन्ह च्येउ रस्त्यावर, हाम तिएन भागात. तिथे बऱ्याच ठिकाणी वाळू वाहून गेली आहे आणि हॉटेलासमोर काँक्रीटचा बांध आहे. फोटोतला किनारा ओहोटीचा असू शकतो. म्हणून खोली घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: भरतीच्या वेळी समोर वाळू उरते का? पाण्यात उतरायला पायऱ्या असतील तर त्यांना कठडा आहे का, हेही विचारून घ्या.

जायला बस सोपी. मुई नेजवळचं शहर म्हणजे फान थिएत. दाउ ज्याय–फान थिएत द्रुतगती मार्ग २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून प्रवास साधारण चार तासांवर आलाय. स्लीपर बसमध्ये वरचा बर्थ मिळाला तर गुडघ्यांचे हाल होतात, तेव्हा खालचाच मागून घ्या. रेल्वेने जाणार असाल तर तिकिटावर ‘फान थिएत’ स्टेशन आहे ना, ते तपासा. उत्तरेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या त्या शहरात जात नाहीत, बाहेरच्या बिन्ह थुआन स्टेशनवर थांबतात.

उत्तर – वाळूचा किल्ला
टेकड्या दोन ठिकाणी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. लाल टेकड्या मुई ने गावाजवळ, रस्त्याला लागूनच, त्यामुळे वडिलांना चालतील. तिथे संध्याकाळी जा. पांढऱ्या टेकड्या, बाउ च्यांग, आणखी बऱ्याच पुढे आहेत. तिथे पहाटेच जायचं. जीप चार-साडेचारला निघते आणि त्याच फेरीत लाल टेकड्या, कोळीवाडा आणि परीचा ओढाही दाखवते.

घोटाळा होतो तो इथे: जीप बाउ च्यांगच्या फाटकापर्यंतच नेते. पुढे वाळूतून माथ्यावर जायचं तर चालत, किंवा वेगळे पैसे देऊन तिथल्या वाहनातून. चार चाकी बाइक वाळूच्या कडेवरून उलटू शकते आणि उतारावर दणके बसतात. आईवडिलांसाठी वाळूतली मोठी गाडी घ्या, आणि ‘हळू’ हे बसायच्या आधीच ठरवून टाका. जीपचा दर माणशी नसतो, अख्ख्या गाडीचा असतो. बोलणी करताना फाटकाचं तिकीट आणि पुढची गाडी त्यात धरली आहे का, हे विचाराच.

पहाटे वाऱ्यात थंडी वाजते. नऊनंतर वाळू तापते, सावली नाही. कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलू नका.

परीचा ओढा, सुओई तिएन, गुडघेदुखीवाल्यांना उलट बरा. पाणी घोट्याएवढं, तळ वाळूचा आणि सपाट, एका बाजूला लाल-पांढऱ्या मातीचे कडे. चपला हातातच ठेवा. सुरुवातीला कोणी ‘सांभाळतो’ म्हणालं तर परतताना पैसे मागितले जातात.

उत्तर – तिखटमीठ
स्कूटर घेऊ नका. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक कराराखालचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मानतो. भारतात मिळतो तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा, म्हणजे तिथे तो चालत नाही. टेकड्यांच्या रस्त्यावर पोलीस तपासणी होते. दंड परवडेलही, पण अपघात झाला तर वैध परवाना नाही म्हणून प्रवास विमा हात वर करू शकतो. ग्रॅब (मोबाइल अ‍ॅपवरून मागवायची गाडी) आणि मीटरच्या टॅक्सीवर काम भागतं.

जेवण: फान थिएत हे मासळीच्या सॉसचं, नुओक मामचं, मोठं केंद्र आहे. नुसत्या परतलेल्या पालेभाजीतही तो पडतो. ‘मांस नको’ एवढं सांगून उपयोग नाही, कारण त्यात सॉस येत नाही. ‘आन चाय’ (शाकाहारी) म्हणा आणि मोबाइलवर व्हिएतनामी भाषेत ‘मासळीचा सॉस, कोळंबी, चरबी नको’ असं लिहून दाखवा. अमावास्या-पौर्णिमेला बौद्ध लोक शाकाहार पाळतात, तेव्हा असे पदार्थ सहज मिळतात.

आणि नोटा! २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळसर. अंधारात टॅक्सीत पैसे देताना हमखास चूक होते. पाच लाखांच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

पाऊलवाट
फार उपयोगी पडलं. टेकड्यांव्यतिरिक्त आईला देऊळ वगैरे बघायला आवडेल. ता कू डोंगरावरचा बुद्ध झेपेल का?

उत्तर – दर्यावर्दी
देवळासाठी पो साह इनू नक्की. फान थिएत आणि मुई नेच्या मधल्या टेकडीवर चाम लोकांचे, म्हणजे व्हिएतनाममधल्या एका जुन्या समाजाचे, विटांचे मनोरे आहेत, सुमारे बाराशे वर्षं जुने. मुख्य मनोरा शिवाचा, आत लिंग-योनी आहे आणि चाम लोक आजही तिथे पूजा करतात. चढ थोडाच आहे. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा.

ता कूचा निजलेला बुद्ध ४९ मीटर लांब आहे. रोपवे आहे, पण वर उतरल्यावरही मूर्तीपर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत, म्हणून वडिलांसाठी नको म्हणेन. शिवाय तो फान थिएतच्या दक्षिणेला ३० किलोमीटरवर, म्हणजे तुमच्या दा लातच्या विरुद्ध दिशेला.

दा लातला घाटातून साधारण चार तास लागतात. मिनीबसमध्ये पुढची जागा मागा, वळणं खूप आहेत. वर रात्री गारठा असतो. स्वेटर सामानाच्या तळाशी टाकू नका.