गुळाचा चहा, मल्टिग्रेन बिस्किट आणि ‘मी तर साखर सोडली’

कोरडवाहू (अंबाजोगाई):
थेट बोलतो, पटलं नाही तर हाणा. सध्या ज्याला विचारावं तो म्हणतो ‘मी तर साखर सोडली’, आणि हातात गुळाचा चहा, बशीत मल्टिग्रेन बिस्किटं. अरे, गूळ उसाचा अन् साखरही उसाचीच. 100 ग्रॅम साखरेत 400च्या आसपास कॅलरी, गुळात साडेतीनशे ते पावणेचारशे. त्यात गूळ कमी गोड लागतो म्हणून खडा मोठा पडतो. गुळातून लोह मिळतं म्हणे! मिळतं, पण चहात पडतो तेवढ्या खड्यातून कितीसं मिळणार? लोहच पाहिजे असेल तर मेथीची जुडी घ्या.

बिस्किटाचा पुडा एकदा पालथा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा नियमच आहे. पहिला नंबर बहुतेक वेळा मैद्याचा, मागोमाग तेल अन् साखर, आणि पुढच्या बाजूला ज्या नाचणी-ओट्सचं चित्र काढलंय ते पार शेपटाला.

माझं म्हणणं असं की मराठवाड्यातल्या माणसावर हलकं खाणं विकत आणायची वेळच यायला नको. फुटाणे आहेत, ताक आहे, काकडीसारखं वाळूक आहे, हिवाळ्यात ढाळे म्हणजे ओले हरभरे अन् बोरं आहेत, जालन्याची मोसंबी आहे. मुरमुरे तर पोत्यानं मिळतात. ‘डाएट’ लिहिलेल्या पुड्यासाठी चौपट पैसे कामून घालवायचे?

डबेवाली_लातूर:
भाऊ, गुळाचं पटलं. पुढचं नाही. ‘घरचं ते हलकं’ हे कुणी ठरवलं?

आमच्याकडं सकाळी घरोघरी सुशीला असते. मुरमुरे भिजवून पिळायचे, वरून डाळव्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर. ऐकायला लई हलकं. आता फोडणी बघा. ओले मुरमुरे कढईला चिकटू नयेत म्हणून तेल सढळ हातानं जातं आणि शेंगदाण्याशिवाय तर सुशीला होतच नाही. एका बशीच्या वाट्याला मोठा चमचाभर तेल आलं, म्हणजे 15 मिली, तर त्याच्याच 120 कॅलरी. 30 ग्रॅम शेंगदाण्यांच्या दीडशेच्या वर. मुरमुऱ्यांचं स्वतःचं वजन ते काय, 20-25 ग्रॅम, म्हणजे 80-90 कॅलरी. साडेतीनशेची बशी झाली आणि ज्याच्या नावावर आपण ती हलकी समजतो त्या मुरमुऱ्यांचा वाटा सगळ्यात लहान!

शेंगदाण्याच्या लाडवाचंही तेच. लेकराच्या डब्यात ‘पौष्टिक’ म्हणून दोन जातात. 30 ग्रॅमचा एक लाडू दीडशे कॅलरीच्या घरात. वाईट नाही, पण हलकाही नाही. मी डबे करून विकते, त्यामुळं मला वजनकाट्याची सवय आहे. बाकी कोणत्या घरात तेल मोजून पडतं सांगा. पुड्याच्या मागं निदान आकडा छापलेला असतो. म्हणून मी वाचून पुडा घेणाऱ्याला हसणार नाही.

मोसंबीवाला:
जालन्याचं नाव निघालं म्हणून बोलतो. मोसंबी सोलून खा. रस काढला की एका ग्लासात तीन-चार फळं जातात, चोथा टाकून देतात आणि रसवाला न विचारता वरून साखर घालतो. सोलून सलग चार मोसंब्या कोण खातो? एक-दोनमध्ये माणूस थांबतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा फळाच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्या हिशोबातच धरते, अख्ख्या फळातली धरत नाही. डब्यातल्या रसाचं तर विचारूच नका. 2024मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावाच पुड्यांवरून काढायला सांगावं लागलं. बाग माझी आहे, रस विकला गेला तर माझाच माल जास्त खपतो, तरी सांगू लागलो.

साखरेचा_मास्तर (परभणी):
कोरडवाहू आणि डबेवाली, दोघांनी एकच गल्लत केली आहे. कमी कॅलरी आणि कमी साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी मधुमेही आहे, घरात ग्लुकोमीटर आहे, त्यामुळं मला हा फरक रोज दिसतो.

मुरमुरे घ्या. वाटीभर मुरमुऱ्यांत कॅलरी खरंच थोड्या. पण तो फुगवलेला तांदूळ आहे, पचतो झटकन आणि रक्तातली साखरही तितक्याच झटकन चढते. फुटाण्यात वजनाला वजन कॅलरी जवळपास मुरमुऱ्यांएवढ्याच, पण प्रथिनं 20 टक्क्यांच्या आसपास आणि तंतू भरपूर. साखर हळू चढते, पोटही धरून राहतं. वजन उतरवायचंय की साखर सांभाळायचीय, हे आधी ठरवा, मग यादी करा.

भाकरीबद्दल बोललं की इथं लोक चिडतात. परभणी मोती आणि परभणी ज्योती या ज्वारीच्या जाती आमच्या कृषी विद्यापीठाच्या, माझंही त्यांच्यावर प्रेम आहे. पण ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ, दोन्हींत 100 ग्रॅमला सव्वातीनशे-साडेतीनशेच कॅलरी. भाकर खाऊन ज्याचं वजन उतरलं, त्याचं बहुधा पोळीवरचं तेल बंद झाल्यानं उतरलं.

आणि गोड गोळीला नावं ठेवणाऱ्यांसाठी. मे 2023मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर भिस्त ठेवू नका. ते व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडं फिरलं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही, हे त्यातच लिहिलेलं होतं, ते कुणी पुढं पाठवलं नाही. मला चहात एक गोळी टाकून माणसांत बसता येतं. तेवढं राहू द्या.

कोरडवाहू:
मास्तर, गोळीला माझा विरोध नाही, पुड्याला आहे. डबेवाली ताई म्हणतात आकडा छापलेला असतो. आता नियमाचा आकडा ऐका. ‘लो कॅलरी’ म्हणायचं तर घन पदार्थात 100 ग्रॅमला 40 कॅलरीपेक्षा जास्त चालत नाहीत. मग कोणता चिवडा यात बसतो? कोरडा खाऊ 40 कॅलरीचा असूच शकत नाही, कुरमुरीत म्हटलं की साडेतीनशेच्या पुढं. म्हणून तर पुड्यावर ‘डाएट’, ‘फिट’, ‘रोस्टेड’ असले गोलमाल शब्द. ‘शुगर फ्री’ला 100 ग्रॅममागं अर्धा ग्रॅम साखर चालते. तिथं साखर काढून माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, घालतात, ते साखरेच्या ओळीत मोजलं जात नाही पण रक्तात साखरेसारखंच वागतं. मास्तर, तुमच्या मशीनवर करून बघा.

साखरेचा_मास्तर:
करून बघायची गरज नाही, ठाऊक आहे. म्हणूनच ‘शुगर’ची ओळ न बघता आधी कार्बोहायड्रेटची ओळ बघायची. पण मग तुम्हीसुद्धा पुडा वाचायलाच सांगू लागलात की!

कोयता_बीड:
सगळं वाचलं. आमच्याकडं दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात. पहाटे अंधारात फडात शिरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. माझ्या बापाला कुणी ‘लो कॅलरी’ म्हणलं तर तो कोयता घेऊन मागं लागेल. त्याला चहात तीन चमचे साखर लागते अन् ती अंगात मुरते.

भाऊ पुण्यात कंपनीत खुर्चीवर बसून काम करतो अन् खातो अजून बापाएवढंच. शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार, तीन भाकरी, तीन चमच्यांचा चहा. त्याला बीपी, शुगर दोन्ही निघालं. तेव्हा काय खावं हे नंतर सांगा, आधी दिवसभर तो माणूस काय करतो ते विचारा. तुमच्या याद्या बसून खाणाऱ्यांच्या आहेत.

औसेकर:
कोयता भाऊ, बरोबर. पण बसून खाणाराला तरी कुठं कळतंय. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात ज्वारीचं आंबील, भज्जी, उंडे, हे सगळं रांगडं अन् साधं. आणि आमचे काका आंबील दोन घोट घेऊन खिरीवर ताटभर तुपाची धार घेतात. उपवासाचं तर ठरलेलंच, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्यात नुसता स्टार्च, वर कूट, वर तेल, आणि नाव उपवासाचं. कुंथलगिरीच्या पेढ्याबद्दल मी काही बोलणार नाही, सासुरवाडी भूमला आहे.

डबेवाली_लातूर:
तुम्ही सगळे खाऊवर भांडू लागलात, चहावर कुणी बोललंच नाही. एका कपात दोन चमचे म्हणजे 10 ग्रॅम साखर. सकाळी घरी, अकराला कामावर, दुपारी एक, संध्याकाळी पाहुणा आला की एक. 40 ग्रॅम इथंच झाली. जागतिक आरोग्य संघटनेचं माप 2000 कॅलरी खाणाऱ्याला 50 ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर 25. जेवायच्या आधीच वाटा उरकला.

कोरडवाहू:
मग बिनसाखरेचा प्यावा. सोपं आहे.

डबेवाली_लातूर:
पुरुषाला सोपं आहे. बाईनं कुणाच्या घरी ‘साखर नको’ म्हटलं की त्या घरची सून पुन्हा पातेलं चढवते आणि सासू विचारते, ‘शुगर निघाली का गं?’ दुसऱ्या दिवशी गल्लीभर. मी ‘अर्धा कपच द्या’ म्हणते. अर्ध्या कपाला कुणी कारण विचारत नाही. आणि ढाळे, फुटाणे, मोडाची मटकी म्हणता ते सगळं निवडायचं, भिजवायचं, मोड आणायचं कुणी? बिस्किटाचा पुडा त्यासाठी येतो घरात, भाऊ. तुमच्या यादीत तो वेळ धरलेलाच नाही.

कोरडवाहू:
फुटाण्याला काय भिजवायचंय? पण मटकीचं मान्य. ती मी भिजवतो आजपासून, मग तर झालं?

मोसंबीवाला:
स्क्रीनशॉट घेतलाय. वहिनींना कुठं पाठवू?

औसेकर:
विषय तिकडं जाऊ देऊ नका. मास्तर, हुरड्याचं सांगा. शुगरवाल्यानं खावा का?

साखरेचा_मास्तर:
खावा, पण भाकरीऐवजी. दोन्ही नको. सोबत दही अन् लसणाची चटणी चालते. गूळ, शेव, उसाचा रस आणि हल्ली ‘हुरडा पार्टी’त ठेवतात ती जिलेबी सोडायची. दोन तासांनी मोजून बघा.

औसेकर:
मग राहिलं काय? नुसत्या दह्यासाठी मी तीस किलोमीटर गाडी हाणत शेतात जाऊ का?