लातूरच्या हवेत बॉल पायथनच्या पेटीत खाली काय अंथरावं?

मांजराकाठ (लातूर)

दोन पेट्या आहेत. पहिली १२० × ६० × ६० सेंमी, तीत सव्वा किलोची बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) मादी, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद झालेली. दुसरी ९० × ४५ × ४५, तीत कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप). दोन्हींत सध्या सॉ मिलमधला भुसा आहे. पायथनची कात तुकड्यातुकड्यांत निघते, डोळ्यावरची चकती एकदा अडकून राहिली. एप्रिल-मेमध्ये हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) २२–२५ टक्क्यांवर असतो; पाणी फवारलं की तासाभर चढतो, मग परत तिथंच. पावसाळ्यात उलटं, सगळ्याला बुरशी.

इथं सहज मिळतं ते असं: नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुगा), नदीची वाळू, पोल्ट्रीवाल्यांकडचं साळीचं तूस, साखर कारखान्याचं बगॅस (उसाचा चोथा), रद्दी पेपर. यातलं काय चालेल, थर किती जाड, आणि किती दिवसांनी बदलायचं?

---

बालाघाटी (बीड)

दादा, भुसा आधी काढा, बाकीचं नंतर बोलू. सॉ मिलच्या ढिगात कोणतं लाकूड आहे हे मिलवाल्यालाही सांगता येत नाही. त्यात देवदार किंवा पाइन असेल तर त्यांची सुगंधी तेलं बंद पेटीत साठतात आणि सापाच्या श्वासनलिकेला व फुफ्फुसाला त्रास देतात. देवदाराच्या तेलाने कीटक मरतात, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे. शिवाय प्लाय आणि एमडीएफचा भुसा मिसळलेला असतो, म्हणजे डिंकाची रसायनं आली. सागाच्या बारीक धुळीने सुताराच्या हातालाही खाज सुटते. आणि कोरडा भुसा उरलीसुरली ओल शोषून घेतो. तुमची कात तुकड्यांत निघण्याचं निम्मं कारण तिथंच आहे.

बाकीच्या यादीचं असं:

वाळू नको. ओल धरत नाही, भक्ष्याला चिकटून पोटात जाते आणि आतड्यात गोळा होऊन बसू शकते.

तूस कोंबड्यांना ठीक. त्यात सिलिका असते, टोकं धारदार असतात, तोंडाच्या कडेला आणि खवल्यांखाली टोचतात. धूळ वेगळीच.

बगॅसमध्ये साखरेचा अंश राहतो. ओल लागली की दोन-तीन दिवसांत आंबूस वास आणि बुरशी. गव्हाचा भुसा, कडब्याची कुट्टी, शेंगांची टरफलं हे सगळं त्याच माळेतलं.

काळी माती नुसती वापरू नका. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगा पडून ढेकळं होतात. कोकोपीटमध्ये दहा टक्क्यांपर्यंत मिसळली तर बीळ ढासळत नाही, एवढाच तिचा उपयोग. पण कापूस-सोयाबीनच्या रानातली माती कधीच नको, फवारणीचे अंश असतात.

राहिलं कोकोपीट आणि कागद. पायथनला ७ भाग धुतलेलं कोकोपीट आणि ३ भाग कोको चिप्स (नारळाच्या सोडणाचे एक-दीड सेंमीचे तुकडे). नुसतं कोकोपीट वाळलं की धूळ उडते आणि ओलं झालं की दबून बसतं. चिप्समुळे मधे हवा खेळते. थर ७ सेंमी. तुमच्या पेटीला १२० × ६० × ७ म्हणजे साधारण ५० लिटर माल लागेल. पाच किलोचा ठोकळा फुगून ६५–७० लिटर होतो, त्यामुळे एका ठोकळ्यात काम होऊन थोडं उरेल.

---

गोदाकाठ (नांदेड)

वरच्यांशी सहमत, पण पाणी कसं द्यायचं हे राहिलं. मराठवाड्यात माल कोणता यापेक्षा ओल कुठे ठेवली यावर सगळं ठरतं.

वरून फवारायचं बंद करा. वरचा थर ओला राहतो, साप पोटाने दिवसभर त्यावर बसतो आणि पोटाच्या खवल्यांना सड लागते: आधी तांबूस-तपकिरी डाग, मग फोड. पाणी पेटीच्या चारही कोपऱ्यांतून, काचेला लावून हळूहळू ओता. ते तळाशी पसरतं, वरचे दोन-तीन सेंमी कोरडे राहतात आणि खालची ओल संथपणे वर येते. तुमच्या मोठ्या पेटीला उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी अर्धा ते एक लिटर लागावं. आकडा पाठ करू नका, बोट खुपसून बघा. तळातलं कोकोपीट मुठीत दाबलं तर लाडू वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये.

पायथनला ५५–७० टक्के आर्द्रता हवी, कात यायच्या दिवसांत ७० च्या जवळ. हायग्रोमीटरचा सेन्सर जमिनीलगत ठेवा. झाकणाजवळचं वाचन फसवं असतं. वर जाळी असेल तर तिचा दोन-तृतीयांश भाग ॲक्रिलिकने झाका (दिव्याखालची जागा सोडून), नाहीतर तुमचं पाणी कूलरच्या झोताबरोबर निघून जाईल. आणि कूलरचा झोत पेटीवर सरळ नको.

एक प्रश्न: गरम करायला काय आहे? खालून हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) असेल तर ७ सेंमी थर चालणार नाही. जाड थर उष्णता अडवतो, वर साप गारच राहतो आणि मॅट व काच यांच्यामध्ये ताप साठतो. ऊब शोधत साप खाली उकरत गेला की थेट तापलेल्या काचेवर पोट भाजतो.

---

मांजराकाठ (लातूर)

मोठ्या पेटीत वरून सिरॅमिक एमिटर (उजेड न देता ऊब देणारा) आहे, थर्मोस्टॅटसह. कॉर्नच्या पेटीला खालून मॅट आहे.

नर्सरीवाला म्हणतो त्याचं कोकोपीट ‘धुतलेलं’ आहे. त्याच्याकडचा ईसी मीटर (पाण्यातले क्षार दाखवणारा) आणून बघितला तर निथळलेलं पाणी २.१ दाखवतंय. आमच्या बोअरचं पाणीच १.४ आहे. आता?

---

बालाघाटी (बीड)

मग १.४ च्या खाली ते जाणारच नाही, कितीही धुवा. मूळ पाणी आणि निथळलेलं पाणी यातला फरक बघायचा. तुमचा ०.७ आहे, म्हणजे मीठ अजून शिल्लक आहे.

ठोकळा २०–२५ लिटर पाण्यात फुगवा, रात्रभर ठेवा. सुती कापडात किंवा गोणपाटात बांधून पिळा. नवं पाणी, अर्धा तास, परत पिळा. तीन वेळा केलं की फरक जवळपास मिटतो. शेवटचं धुणं पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने करा. आरओची नळी जे वाया घालवते ते पाणी नको, त्यात क्षार उलट जास्त. मग ताडपत्रीवर पसरून वाळवा. लातूरच्या उन्हात दोन दिवस भरपूर. पॉलीहाऊससाठी कॅल्शियम नायट्रेटची प्रक्रिया (बफर) केलेलं किंवा खत घातलेलं कोकोपीट मात्र घेऊ नका, फक्त साधा ठोकळा.

कॉर्नच्या पेटीत मॅट आहे म्हटल्यावर कोरडं आणि पातळ ठेवा. त्याला ४०–६० टक्के आर्द्रता पुरते. ॲस्पेन लाकडाचे छिलके मिळाले तर उत्तम, त्याला बीळ करता येतं, पण ते आयात माल, महाग, आणि ओले झाले की लगेच बुरशी. नाहीतर मॅटच्या बाजूला कागदाचे दोन-तीन थर आणि गार बाजूला ५–६ सेंमी कोकोपीट, मधे लाकडी पट्टी. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅटच्या वरच, काचेला चिकटवून. शिवाय झाकणाचा एक डबा, आत ओलं स्पॅग्नम मॉस (ओल धरणारं शेवाळ), बाजूला भोक; कात यायची असली की तो आपणहून तिथं जातो.

कागद म्हणाल तर छापखान्यात न्यूजप्रिंटच्या रिळाचा कोरा शेवट मिळतो, रद्दीपेक्षा तो चांगला. नवा साप आला, आजारी असला किंवा जखम असली की फक्त कागद. विष्ठा दिसते, माइट्सही (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) दिसतात.

---

खामकाठ (छ. संभाजीनगर)

पावसाळ्याचं कुणी बोललं नाही. जून ते सप्टेंबर पेटीत पाणी ओतूच नका. खोलीची हवाच ७५–८० च्या वर असते. झाकणावरचं ॲक्रिलिक काढा, माल आठवड्यातून एकदा खालीवर करा, चिप्सचं प्रमाण वाढवून मालाच्या निम्मं करा. पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग मूठभर जास्तीसह उचलून टाका. सगळीकडे पसरली असेल तर पेटी रिकामी करावी लागते.

विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढा, सगळा माल दोन-तीन महिन्यांनी बदला. पेटी धुवायला फिनाइल किंवा डेटॉल अजिबात नको, फिनॉलवर्गातली रसायनं सापांना विषारी आहेत. साधं ब्लीच १ भाग, पाणी २० भाग, दहा मिनिटं, मग तीनदा धुऊन उन्हात, वास पूर्ण जाईपर्यंत.

मुंग्यांसाठी पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू ओढू नका, त्यात कृत्रिम पायरेथ्रॉइड असतात. डांबरगोळ्या पेटीच्या आसपासही नकोत. माइट्सवर कडुलिंबाचा पाला घालायचा सल्ला इकडे फार मिळतो. त्याने माइट्स जात नाहीत, तो कुजतो तेवढा. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगताना दिसले तर सगळा माल पिशवीत बंद करून बाहेर टाका, कागदावर या आणि पशुवैद्यकाला दाखवा.

आणि पेटी प्लायची असेल तर आतून इपॉक्सी व सांध्यांना सिलिकॉन हवंच. ओलं कोकोपीट आणि उघडं लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण.

---

नवखा_धाराशिव

मांडुळाला पण हेच चालेल का? शेतात सापडलंय.

---

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, ते जिथं सापडलं तिथंच सोडून द्या. मांडूळ काय, धामण काय, कोणताही देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. कोणी लाखाची बोली लावत असेल तर तो तस्कर आहे. वन विभागाला १९२६ वर कळवा.

---

मांजराकाठ (लातूर)

भुसा काढला, सध्या दोन्हींत कागद आहे. कोकोपीट तिसऱ्या धुण्याला १.५. खायला देताना कोकोपीट तोंडात जाईल का? आणि बदललेला माल टाकायचा कुठे?

---

बालाघाटी (बीड)

१.५ चालेल. खायला देताना शहाबादी फरशीचा हातभर तुकडा घाला, उंदीर पुसून कोरडा करून चिमट्याने त्यावरच द्या. एखादा कण गेला तर पाण्याची कमतरता नसलेल्या सापाला तो पचनातून बाहेर टाकता येतो. फरशी उन्हाळ्यात गार बाजूला ठेवली की साप तिच्यावर विसावतोही.

जुना माल फुलझाडांच्या कुंडीत. कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात नको, सापाच्या विष्ठेत साल्मोनेला (माणसाला आजारी पाडणारा जंतू) असू शकतो. हातमोजे घाला आणि बादली मोरीत धुवा, स्वयंपाकघरात नको.