टाउट म्हणजे दलाल? बेलफास्टच्या थ्रिलरमधला एक शब्द

सध्या एक थ्रिलर वाचतोय. ऐंशीच्या दशकातलं उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट, हिरो कॅथलिक वस्तीतला, भाऊ आयआरएमधे (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना) आणि हा पठ्ठ्या गुपचूप पोलिसांच्या स्पेशल ब्रँचला बातम्या पुरवतोय. त्यात पानोपानी 'टाउट' येतं, भिंतींवर रंगवलेलं पण. डिक्शनरीत दलाल, तिकिटं ब्लॅक करणारा असलं काहीतरी दिलंय. कोर्टाच्या आवारात अशिलं गाठणारे टाउट माहितीयेत पण ते इथे बसत नाहीत. मराठीत काय म्हणाल?

> खबऱ्या. विषय संपला.

> खबऱ्या फारच मवाळ होतं हो. खबऱ्या म्हटलं की पानटपरीवर उभा राहून हवालदाराकडून चहापाण्याला पैसे घेणारा माणूस डोळ्यासमोर येतो. तिकडे टाउट म्हणजे थेट जिवाशी गाठ, आयआरएचं असे लोक हुडकायला वेगळं पथकच होतं, आधी चौकशी, कबुलीजबाब टेपवर घ्यायचे, मग डोक्यात गोळी आणि प्रेत कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला. वर घरच्यांना वस्तीत तोंड दाखवायची चोरी. मी तरी फितूर म्हणेन.

> +१ फितूर. घरभेद्या पण चालेल, पण त्याला भाऊबंदकीचा वास येतो.

> फितूरला एक अडचण आहे. पेपरात 'साक्षीदार फितूर' येतं तेव्हा तो सरकार पक्षावर उलटलेला असतो, टाउट बरोब्बर उलट्या दिशेला जातो. आणि कादंबरीत पुढे 'सुपरग्रास' आला तर त्याला फितूर करू नका, तो आपला माफीचा साक्षीदार. १९८३ मधे ख्रिस्तोफर ब्लॅक नावाच्या एका माणसाच्या साक्षीवर डझनावारी लोक दोषी ठरले, ज्युरी नव्हतीच, आणि १९८६ मधे अपिलात त्यातल्या बऱ्याच जणांची शिक्षा रद्द झाली.

> मुळात एकच शब्द कशाला हवाय? बोलतंय कोण ते बघा. शेजारीपाजारी, भाऊ, आयआरएवाले यांच्या तोंडी फितूर. पोलीस अधिकारी त्याला कधीच टाउट म्हणणार नाही, त्याच्यासाठी तो सोर्स, मराठीत झकास 'आपला माणूस'. आणि आपला माणूस नेमका कुणाचा हाच तर तिथला सगळा घोळ. 'स्टेकनाइफ' प्रकरण शोधून वाचा, फितूर पकडणाऱ्या त्या पथकातच ब्रिटिश लष्कराचा एजंट बसलेला. २०२४ च्या अंतरिम चौकशी अहवालात म्हटलंय की त्याच्यामुळे जेवढे जीव वाचले त्याहून जास्त बहुधा गेलेच असतील. असलं खरं घडल्यावर कादंबरीवाल्यांनी अजून काय रचायचं!

> वा, 'आपला माणूस' घेतोच. जाता जाता, लॉयलिस्टला राजनिष्ठ चालेल का?

> अजिबात नको, राजनिष्ठ म्हटलं की फेटा बांधलेला रावबहादूर दिसतो. हे यूव्हीएफ, यूडीएवाले हत्यारबंद प्रोटेस्टंट लोक, ब्रिटनशी निष्ठा सांगायचे आणि त्याच ब्रिटनच्या पोलिसांवर प्रसंगी दगड पण फेकायचे. लॉयलिस्टच ठेवा. युनियनिस्टला मात्र निदान पहिल्यांदा येईल तिथे 'ब्रिटनमधेच राहू म्हणणारे' असं फोडून सांगा, नाहीतर इकडचा वाचक गिरणी कामगारांची युनियन समजून बसायचा.