सल्ला हवा: लॅब सोडून पूर्णवेळ चित्रकला, पहिलं सोलो प्रदर्शन कुठे करू? (बजेट ६० हजार)

सूक्ष्मदर्शी:
मायक्रोबायॉलॉजीत पीएचडी, सध्या पुण्यात एका फार्मा कंपनीत आरअँडडीला आहे. बुरशी, शैवाल, बॅक्टेरियाच्या वसाहती वॉटरकलरमध्ये मोठ्या करून रंगवते. दिवाळीआधी राजीनामा द्यायचाय. दीड वर्षाचा घरखर्च बाजूला काढलाय, त्यामुळे नोकरी सोडू का हा प्रश्न नाहीये. पहिलं सोलो पुण्यात करू की मुंबईत? फ्रेमिंगसकट ६० हजाराच्या वर एक रुपया नाही.

कर्वेरोडकर:
सोडू नकोस. होमी भाभांनी मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था उभारली आणि स्केचेसही केली, चित्रकार हुसेनचं म्युरल (भित्तिचित्र) तिथे लावून घेतलं, नोकरी सोडली का? शनिवार-रविवार रंगव की.

तांबडीमाती:
@कर्वेरोडकर भाभा स्वतःच डायरेक्टर होते ओ, त्यांना कोण रजा नाकारणार 😄 उदाहरणच द्यायचं तर कृष्ण खन्नांचं द्या, १९६१ ला ग्रिंडलेज बँक सोडली आणि पूर्णवेळ चित्रकार झाले.

कर्वेरोडकर:
ते बँकेत होते. इथे सायन्सचं चाललंय. बँकवाल्याला परत नोकरी मिळते, रिसर्चमध्ये दोन वर्षं गॅप पडली की कोण विचारत नाही.

गिरगावची_मावशी:
अगं मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीतच कर, बाकी सगळं टाईमपास. माझ्या भाच्याने केलं तिथे, काय गर्दी, परदेशी लोक येतात. खर्च म्हणशील तर दोन-अडीच लाख धर, ओपनिंगला चहापाणी नीट ठेव, कॅटलॉग छापून घे जाड कागदावर.

सूक्ष्मदर्शी:
मावशी, ६० हजार 🙏

फ्रेमग्रस्त:
जहांगीरला अर्ज, निवड, मग तारखेसाठी वर्षानुवर्षं रांग. दिवाळीत राजीनामा देऊन प्रदर्शन कधी, पोरं कॉलेजला गेल्यावर? अर्ज आजच टाकून ठेव पण त्याच्यावर विसंबू नकोस. आणि खरा पैसा फ्रेममध्ये जातो हे कुणी सांगत नाही. कागदावरचं काम म्हणजे माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) आलं, काच आली. मी हौसेने काच लावली, टेम्पोत दोन फुटली आणि एका चित्रावर चरा गेला, तेव्हापासून ॲक्रिलिक शीट.

तांबडीमाती:
ॲक्रिलिकवर ओरखडे येतात, शिवाय धूळ चिकटते. काचच बरी.

फ्रेमग्रस्त:
तुम्ही भरा मग टेम्पोचे पैसे.

देवगडी:
काच, ॲक्रिलिक काय वाट्टेल ते लावा, कागदाला भुरी येतेच. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला टेकवलेली सगळी चित्रं गेली.

सूक्ष्मदर्शी:
@देवगडी हे माझंच खातं 😀 हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर बुरशी धरते. काच चित्राला टेकू द्यायची नाही, माउंटमुळे फट राहते, फ्रेममागे वारा खेळला पाहिजे. भिंतीला ओल असेल तर मात्र तिथे लावूच नका.

निवृत्त_केमिस्ट:
भडक गुलाबी वापरतेस का? ओपेरा पिंक, जुनं अलिझरिन क्रिमसन हे उन्हात उडतात. गिऱ्हाईकाने दोन वर्षांनी फोन केला की कळतं. ट्यूबवर पिगमेंट नंबर बघून घे, पीआर ८३ (म्हणजे तेच जुनं अलिझरिन) असेल तर विकायच्या चित्रात नको. बाकी मी ३४ वर्षं लॅबमध्ये काढली, कुणी साधं विचारलं नाही चित्र काढता का म्हणून. असो.

आकडेमोड:
सगळे काचेवर भांडताय, मुद्द्याचं कुणीच विचारत नाही. कंपनीत ५ वर्षं झाली का? नसतील तर ग्रॅच्युइटी जाईल. दुसरं, कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी पगार चालू असतानाच घे, आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं.

सूक्ष्मदर्शी:
बापरे. जानेवारीत ५ होतील. पॉलिसीचं तर डोक्यातच नव्हतं.

कर्वेरोडकर:
४ वर्षं २४० दिवस झाले तरी ग्रॅच्युइटी मिळते.

आकडेमोड:
तो मद्रास हायकोर्टाचा निकाल, प्रत्येक कंपनी मानेल असं नाही. दोन-तीन महिन्यांसाठी कशाला वाद घालत बसायचं, जानेवारी उलटू दे.

गिरगावची_मावशी:
मी तेच म्हणतेय, घाई नको. आणि जहांगीरच.

न्यूजर्सीकर:
इथे सायंटिफिक इलस्ट्रेशनला चांगले पैसे देतात, जर्नलची कव्हरं, टेक्स्टबुकं वगैरे. तू पीएचडी आहेस, तुला शैवाल कसं दिसतं हे समजावून सांगावं लागणार नाही, जुन्या गाईडलाच मेल टाक. गॅलरीवाले विक्रीतले तीस ते पन्नास टक्के कापतात, ऑर्डरवर केलेल्या कामात तसं नसतं.

तांबडीमाती:
पुण्यातच करायचं तर बालगंधर्वचं कलादालन बघ, नाटकाला आलेला माणूस सहज डोकावतो.

फ्रेमग्रस्त:
डोकावतो, घेत नाही. मध्यंतरात वडा खाऊन तेलकट बोट लावतो.

सूक्ष्मदर्शी:
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: राजीनामा फेब्रुवारीत, पॉलिसी याच महिन्यात. हॉल मात्र कुठलाच नाही घेत. घरातली बाहेरची खोली रिकामी करून दोन शनिवार-रविवार ओपन स्टुडिओ ठेवतेय. मोजकीच फ्रेम करणार, बाकी माउंट करून फोल्डरमध्ये. उरलेल्या पैशात कॉटनचा ३०० जीएसएमचा जाड कागद. इलस्ट्रेशनसाठी दोन मेल टाकलेत, एकीने कोटेशन मागितलंय आणि किती सांगायचं ते कळत नाहीये.

कर्वेरोडकर:
घरात कोण येणार चित्रं बघायला? चूक करतेयस.

गिरगावची_मावशी:
पत्ता मेसेज कर, भाच्याला घेऊन येते. चहा तरी ठेवशील ना?

देवगडी:
भिंतीच्या ओलीवर काही उपाय आहे का कुणाकडे? नवीन धागा काढू का?