सोलापूरची जुनी टॉकीज: फोटो कुठे, कसे आणि कुणाला विचारून?

भटकी_लेन्स

नमस्कार मंडळी. मी नाशिकची. बँकांच्या शाखांचं ऑडिट करत महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असते. लॉजवर टीव्ही बघून कंटाळा आला म्हणून चार वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला आणि जाईन तिथली एकपडदा थिएटरं टिपायला लागले. मुंबईचं रीगल (१९३३), इरॉस (१९३८), लिबर्टी (१९४९), जयपूरचं राजमंदिर (१९७६) एवढी झालीत. देखणी आहेतच, पण त्यांचे फोटो हजारो लोकांनी काढलेत आणि माझेही त्यांच्यासारखेच आलेत. आता जिल्ह्याच्या ठिकाणची टॉकीज हवी आहेत. बुकिंगच्या खिडकीची जाळी, जिन्याचा कठडा, पान खाऊन लाल झालेला कोपरा, असलं सगळं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरला काम आहे, शनिवार-रविवार मोकळा. टॉकीजखेरीज शहरात काय बघावं तेही सांगा. मुख्य प्रश्न मात्र परवानगीचा. मागे एका गावात (नाव नको) थिएटरच्या मॅनेजरने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि तासाभराने कोरं करून दिलं. सकाळी बाजारात काढलेले फोटोही त्यातच गेले. तेव्हापासून विचारायचीच भीती वाटते.

शेंगाचटणी

ताई, जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे गड्डा, आमची सिद्धेश्वराची यात्रा! लॉज आजच बुक करा, नंतर रडू नका. त्यात सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" सुरू झालं की अंगावर काटा येतो. संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला मोठी लेन्स घेऊन गर्दीत शिरू नका, ढकलाढकलीत कॅमेरा जाईल. होम मैदानावरचे पाळणे अंधार पडल्यावर घ्या.

टॉकीजचं म्हणाल तर आमच्या लहानपणच्या खुर्च्यांतले ढेकूण तेवढे टिपायचे राहिले बघा.

ऑपरेटरचा_पोरगा

ढेकणांचं मान्य. पण सोलापूरच्या टॉकीजवर तेवढंच बोलून सोडणं बरं नाही.

माझे वडील एकतीस वर्षं ऑपरेटर होते. कुठल्या टॉकीजला ते सांगत नाही, आता ती राहिली नाही. शाळा सुटली की मी डबा घेऊन केबिनमध्ये जायचो. दोन मशीन शेजारी-शेजारी. आत कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांचा उजेड इतका पांढरा की काळ्या काचेतूनच बघायचं. दोन हजार फुटांचं एक रीळ साधारण वीस-बावीस मिनिटं चालतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो. तो आला की दुसरं मशीन सुरू, पुढच्या ठिपक्याला चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र दुसऱ्या मशीनवर. पब्लिकला कळलं नाही तर काम चांगलं झालं. पप्पा अजून टीव्हीवर जुना पिक्चर लागला की त्या कोपऱ्याकडेच बघतात. पिक्चरची पेटी कधी कधी एसटीने यायची. गाडी लेट झाली की शिट्ट्या, आणि शिव्या मात्र केबिनला. गड्ड्याच्या दिवसांत खेडेगावातून माणसं यायची, चारही खेळ फुल्ल.

आता तुमच्या कामाचं.

भागवतला जाच. एकाच आवारात एकाहून जास्त चित्रगृहं. मल्टिप्लेक्स हा शब्द आमच्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून. सोलापुरातल्या कुणालाही "भागवत" म्हणा, रस्ता सांगेल, वर पहिला पिक्चर कुठला बघितला तेही सांगेल. दुसरं म्हणजे पूर्व भाग. तिथे बरीच वस्ती तेलुगू बोलणारी, विणकर पद्मशाली समाज. सोलापुरात मराठी, हिंदी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांच्या पिक्चरला शिट्टी पडते आणि तीन तऱ्हेची पोस्टरं भिंतीवर दिसतात. तुमच्या मुंबई-जयपूरच्या थिएटरांपुढे हे मिळणार नाही. यंत्रमागाची खटखट ऐकत सकाळी गल्ल्यांतून फिरा, चादरीच्या सुतांच्या रंगीत लडी दिसतील.

परवानगी: खेळ सुटायच्या वेळी जाऊ नका, तेव्हा मॅनेजर गल्ल्यात असतो. दुपारचा खेळ सुरू झाला की पाच-दहा मिनिटांनी जा, तेव्हा तो चहा पितो. आधी तिकीट काढा. तिकीट हातात असलं की तुम्ही गिऱ्हाईक, नाहीतर मग "कोण पाहिजे?" पडदा चालू असताना कॅमेरा वर करू नका, मोबाईलसुद्धा नको. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात थिएटरमध्ये पिक्चर रेकॉर्ड करण्याला कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. मॅनेजर लोक घाबरतात ते उगाच नाही. तुमचं कार्ड कोरं करणारा चुकलाच, पण भीती कशाची ते समजून घ्या. मध्यंतरात दिवे लागले की दहा मिनिटं तुमची.

आणि एक विनंती. लोक येतात आणि फाटक्या खुर्च्या, कबुतरं, तडा गेलेली भिंत एवढंच काढून नेतात. "उजाड टॉकीज" नाव दिलं की लाइक मिळतात. पण तिथे आज पण एक माणूस तिकीट फाडतो. त्याला विचारून त्याचा फोटो काढा.

सात_रस्ता

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक: पडकं असेल तर पडकं दाखवायला काय हरकत? गिरण्यांचंही तेच झालं. जुनी मिल १८७७ ची, तिच्या भोंग्यावर गाव उठायचं. चांगले दिवस तेवढेच दाखवायचे का? असो.

शहरासाठी: इंद्रभुवन रविवारी बघा. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली वास्तू, आता महापालिकेचं कार्यालय. कामाच्या दिवशी समोर मोटारसायकलींची रांग, कमानी दिसतच नाहीत. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉड घेऊन जाल तर अडवतील, कॅमेरा हातातच ठेवा. तिथून तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर छान दिसतं. चार हुतात्मा पुतळ्याशी थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तुम्ही त्याच आठवड्यात येताय. आणि तुम्ही सिनेमावाल्या म्हणून सांगतो, अभिनेत्री शशिकला सोलापूरच्याच.

भटकी_लेन्स (तीन आठवड्यांनी)

जाऊन आले. आधी कबुली: पहिल्या दिवशी मी फाटक्या खुर्च्याच काढल्या. सवय.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं, चहाची वेळ साधली. मॅनेजरनी आधी ओळखपत्र मागितलं, मग नाशिकच्या कुठल्या थिएटरला कितीचं तिकीट आहे याची चौकशी केली, मग डोअरकीपरना हाक मारली. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, टॉर्च हातात घेतली आणि ताठ उभे राहिले. मी म्हटलं, नेहमीसारखे उभे राहा की काका. ते म्हणाले, "नेहमी असाच उभा असतो." तो फोटो ठेवलाय. बुकिंगच्या जाळीतून सुट्टे पैसे परत देणारा हात, तोही. गड्ड्यात मात्र पन्नासेक फोटोंतला एकच धड आला, बाकीच्यांत कुणाचं ना कुणाचं डोकं.

ऑपरेटरचा_पोरगा, तुमच्या घरी दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीबद्दल काकूंना पुन्हा धन्यवाद सांगा. काकांचा फोटो चांगला आलाय, काळी काच डोळ्याला लावलेला. त्यांना मोबाईलवर नको, कागदावर पाहिजे म्हणाले होते. प्रिंट तयार आहे. कुरिअर करू का?

ऑपरेटरचा_पोरगा

पप्पांना विचारलं. म्हणाले एसटीने पाठवा, मी स्टँडवर उतरवून घेतो.